मीझल्स इज पण पोलीस आर, असं का?

लेक सातवीत आहे, काल तिचा इंग्रजीचा पेपर घरी आला. गाळलेल्या जागा भरा मध्ये 'मीझल्स ... अ डिसीज' असं होतं, तिथे हिने आर लिहिलं, चूक. त्याच्याच खाली 'द पोलीस ... कमिंग', तिथे इज लिहिलं, तेही चूक. आता ती माझ्यापुढे पेपर धरून विचारतेय की आई, शेवटी एस असला की आर आणि नसला की इज असं तूच सांगितलं होतंस ना. सांगितलं होतं मी. मग खरा नियम काय आहे, तिला पटेल असा कुणी सांगेल का?

---

ताई, क्रियापद शेवटचा एस बघतच नाही, इंग्रजी बोलणारा माणूस ती गोष्ट एक धरतो की अनेक धरतो तेवढंच बघतं. मीझल्स हे एका आजाराचं नाव, म्हणून इज. मम्प्स, मॅथेमॅटिक्स, फिजिक्स, न्यूज, सगळे त्यातलेच. लेकीला मराठीतूनच दाखवा, पटकन कळेल. आपल्याकडे गोवर 'आला' म्हणतात पण कांजिण्या 'आल्या' म्हणतात, आजार दोन्ही एकेकच ना? तसंच पीठ संपलं पण पोहे संपले, जीव गेला पण प्राण गेले. आपण हे कधी शिकलो नाही, ऐकून ऐकून बसलं. इंग्रजी मुलांचंही तेच होतं, फक्त त्यांचं एकवचन अनेकवचन आपल्यापेक्षा वेगळ्या ठिकाणी पडतं, आणि आपली पोरं नेमकी तिथेच अडखळतात.

पोलीसचं सांगायचं तर मराठीत एक पोलीस आला, चार पोलीस आले, दोन्ही चालतं. इंग्रजीत पोलीस म्हणजे अख्खं दल आणि ते कायम अनेकवचनी, एकटा असला तर पोलीस ऑफिसर म्हणावं लागतं. पीपल आणि कॅटल पण असेच, एस नाही तरी आर.

---

वरच्या उत्तराला जोडून. मी बरीच वर्षं शिकवण्या घेते, माझ्याकडे दर बॅचला येणारी चूक म्हणजे 'माय हेअर्स आर फॉलिंग'. का येते, तर मराठीत केस गळतात, अनेक. इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून एकच हेअर, म्हणून 'माय हेअर इज फॉलिंग'. आमटीत दोन केस सापडले तर मात्र टू हेअर्स, कारण तिथे मोजले. पैशांचं तसंच, आपले पैसे संपले, त्यांचा मनी इज. आपण तांदूळ निवडले म्हणतो, गहू दळून आणले म्हणतो, त्यांचं राइस इज, व्हीट इज, आणि ओट्स मात्र आर! उलटं पण आहे, आपली कात्री एक, चष्मा एक, त्यांचं सिझर्स आर, ग्लासेस आर.

पण ताई, पुढच्या वर्गात याहून जास्त मार्क जातात ते लांब कर्त्यामुळे, त्याकडे आत्तापासून लक्ष द्या. 'आंब्यांची पेटी आली' यात कुठलंही मराठी मूल 'आले' म्हणणार नाही, कारण पेटी हा शब्द क्रियापदाला अगदी चिकटून आहे. इंग्रजीत क्रम फिरतो, 'द बॉक्स ऑफ मँगोज', आता पेटी राहिली मागे आणि क्रियापदाच्या शेजारी आले आंबे, की मूल लगेच आर लिहून मोकळं. मी मुलांना फळ्यावर ऑफपासून पुढचं सगळं हाताने झाकायला लावते. उरलं काय, द बॉक्स. मग इज. 'वन ऑफ माय फ्रेंड्स' मध्ये झाकलं की वन उरतो, इज. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स' मध्ये द नंबर म्हणजे आकडा, इज. फक्त 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स' ला हात ठेवायचा नाही, त्याचा अर्थच बरेच विद्यार्थी असा आहे, तिथे आर.

---

मग क्रिकेटच्या कॉमेंट्रीत 'इंडिया आर 120 फॉर 3' म्हणतात ते कसं? देश तर एकच आहे.

---

देश नाही, तिथे अकरा जण खेळतायत. ही ब्रिटिश पद्धत, टीम म्हणजे त्यातली माणसं असं धरून आर, आणि क्रिकेटची भाषा तिकडूनच आली म्हणून आपल्या कानाला ते बरोबर वाटतं. अमेरिकेत टीमला साधारणपणे इजच लावतात. त्यांच्या देशाच्या नावाचंच बघा ना, द युनायटेड स्टेट्सला आज इज लागतं, पण गुलामगिरी बंद करणारी 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती काढून वाचा, त्यात युनायटेड स्टेट्ससाठी 'देअर' वापरलंय, म्हणजे त्यांचं, अनेक राज्यांचं. नाव तेच राहिलं, नावातला एस पण राहिला, लोकांच्या मनात अनेकांचं एक झालं तसं क्रियापद बदललं. म्हणून मला नियम पाठ करण्यापेक्षा अर्थ विचारणं जास्त खरं वाटतं.

डेटाचं पण असंच चाललंय. मूळ लॅटिनमध्ये डेटम एक, डेटा अनेक, त्यामुळे शास्त्रीय लेखांत अजून 'डेटा आर' दिसतं, पण रोजच्या वापरात इज सर्रास आहे आणि ती चूक नाही. अजेंडासुद्धा मूळ अनेकवचनच, त्याला आज कुणी आर लावत नाही. मराठीत तर आपण डेटा संपला म्हणून कधीच एकवचन करून टाकलं.

---

खूप आभार सगळ्यांचे. गोवर आणि कांजिण्या सांगितल्यावर लगेच पटलं तिला, हात ठेवून झाकायचं पण करून बघितलं, पाचातली पाच बरोबर आली. आता विचारतेय पोहे इज की आर.

---

इंग्रजीत तो शब्द 'पोहा' म्हणून लिहितात आणि राइससारखा धरतात, म्हणून पेपरात 'पोहा इज रेडी' लिहायचं. घरात मात्र पोहे झाले.