सबर्बन बेस एका गाण्यापुरतं नव्हतं

सबर्बन बेस हे नव्वदच्या दशकातलं ब्रिटिश नृत्यसंगीताचं रेकॉर्ड लेबल. ते म्हणजे 'सेसमी स्ट्रीट या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाची धून वापरलेलं ते एक गाणं', हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. १९९२ मध्ये स्मार्ट ईज या गटाचं ते गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, हे खरं आहे. पण लेबलचं मोल तिथे मोजू नका.

डॅन डॉनेलीचं बूगी टाइम्स नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं, एसेक्समधल्या रॉमफर्डला. लेबल त्या दुकानातूनच उभं राहिलं. कोणती रेकॉर्ड लोक उचलतात, कोणती परत ठेवतात, हे काउंटरवर उभं राहून रोज दिसतं. मोठ्या कंपन्यांना हे कुठून कळणार! 'सन्झ ऑफ अ लूप दा लूप एरा' या नावामागचा डॅनी ब्रेक्स, डीजे हाइप, पुढे रीमार्क, सगळे इथे गाजले. रीमार्कचे तुकडे तुकडे केलेले ड्रम ऐका. हार्डकोर या वेगवान रेव्ह संगीतातून तुटक ड्रमवर उभी असलेली जंगल ही शैली कशी निघाली, ते त्यात थेट ऐकू येतं. लेबलच्या रेकॉर्डवरची डेव्ह नॉड्झची कार्टून-चित्रं तर मला आजही तितकीच प्रिय आहेत.

लेबल १९९७ मध्ये थांबलं. पण स्मार्ट ईजमधल्याच लूना-सीने नाइटफोर्स हे लेबल काढलं, डॅनी ब्रेक्सने ड्रॉपिन सायन्स. म्हणजे इथली माणसं स्वतःची लेबलं चालवायला शिकून बाहेर पडली. माझ्या लेखी खरा वारसा हाच. सुरुवात करायची तर सन्झ ऑफ अ लूप दा लूप एराचं 'फार आउट' ऐका, मोठ्या आवाजात.