डब्यात किल्ली, गेम ढगात: कन्सोलचं लायसन्स आणि नावांचा घोळ

कोथरूडचा_बोका
निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलचे गेम घेणार असाल तर डब्याच्या पुढच्या बाजूला खाली पट्टी आहे का ते आधी बघा. त्या पट्टीवर एक किल्ली काढलेली असते आणि पूर्ण गेम इंटरनेटवरून डाउनलोड करावा लागेल असं लिहिलेलं असतं. याला म्हणे गेम-की कार्ड. म्हणजे डबा खरा, लाल कार्डही खरं, पण कार्डात गेमच नाही. आपलं इंटरनेट जाळा, आपलं स्टोरेज भरा, आणि एवढं करून खेळताना कार्ड आत खुपसलेलंच पाहिजे. सायबरपंक २०७७ सारखं धूड ६४ जीबीच्या कार्डवर अख्खं बसवलंय ना, मग स्ट्रीट फायटर ६ ला किल्लीच का?

आता दुसरा घोळ. २००१ ला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स, २००५ ला ३६०, २०१३ ला तिसरा आला तर त्याचं नाव वन, मग वन एस, वन एक्स आणि २०२० मध्ये सिरीज एस, सिरीज एक्स. वन एस ला डिस्क ड्राइव्ह होता, सिरीज एस ला नाही. घरात डिस्कांची थप्पी असलेल्या माणसाने नावावरून काय ओळखायचं? आणि २०२५ मध्ये आला आरओजी एक्सबॉक्स अलाय, जो मुळात हातात धरून खेळायचा विंडोजचा छोटा पीसी आहे. नाव एक्सबॉक्स, पण तुम्ही कन्सोलसाठी घेतलेले सगळे गेम त्यावर थेट चालतीलच असं नाही, जे ‘प्ले एनीव्हेअर’ मध्ये (एकदा घेतला की कन्सोल आणि पीसी दोन्हीकडे चालतो अशा यादीत) आहेत तेच, बाकी क्लाउडवरून, म्हणजे इंटरनेटवरून.

माझं म्हणणं, हे दोन वेगळे प्रॉब्लेम नाहीतच. आपण घेतलेला गेम कुठे चालेल, कुणाला देता येईल, हे नावावरून आणि डब्यावरून कळू नये यातच कंपन्यांचा फायदा आहे.

जॉयस्टिक_जोशी
बोकोबा, थोडं दमानं. चाळीस-पन्नास हजार घालवणारा माणूस यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितल्याशिवाय दुकानात पाऊल टाकत नाही, त्यामुळे नावाचं एवढं रडगाणं मला पटत नाही. आणि की कार्डला शिव्या घालताना एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत, ते कार्ड विकता येतं, मित्राला देता येतं. इंटरनेट पहिल्या वेळेलाच लागतं. पूर्वी डब्यात नुसता कोडचा कागद यायचा, एकदा वापरला की कचरा, त्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

खरी गंमत २०१३ ची आहे. एक्सबॉक्स वनच्या मूळ योजनेत घरातल्या दहा जणांना तुमची गेम लायब्ररी वापरता येणार होती, कुठल्याही एक्सबॉक्स वनवर लॉगिन करून. लोकांनी ‘डीआरएम डीआरएम’ (गेमवरचं कंपनीचं डिजिटल कुलूप) म्हणून असा काही गदारोळ केला की जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने सगळं गुंडाळलं आणि त्याबरोबर फॅमिली शेअरिंगही गेलं. आज तेच लोक डिजिटल गेम घेतात आणि शेअर करता येत नाही म्हणून गळे काढतात.

डिस्कवाली
जोशीबुवा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच योजनेत कन्सोलने दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावायची होती, नाही लावली तर गेम बंद, तुमच्याकडे डिस्क असली तरी. मित्राला गेम द्यायचा तर तो किमान ३० दिवस फ्रेंड लिस्टमध्ये हवा आणि तो गेम आयुष्यात एकदाच देता येणार. ज्यांच्याकडे नेट नाही त्यांचं काय असं विचारल्यावर त्यांचे साहेब डॉन मॅट्रिक म्हणाले होते की त्यांच्यासाठी आमच्याकडे ३६० आहे की! लोक भडकणार नाहीत तर काय ओवाळणार? सोनीने त्यावर व्हिडिओ काढला, त्यांच्या पीएस४ कन्सोलवर गेम कसा शेअर करायचा: एकाने डिस्क दुसऱ्याच्या हातात दिली, दुसरा थँक्स म्हणाला, संपलं. वर पीएस४ ची किंमत ३९९ डॉलर आणि एक्सबॉक्सची ४९९. गदारोळ केला म्हणून आज निदान डिस्क विकता तरी येते.

पुस्तक वाचून झालं की मी मावसबहिणीला देते, प्रकाशकाला विचारायला जात नाही. गेमलाच काय सोनं लागलंय?

न्यूजर्सीकर
नावाबद्दल मी बोक्याच्या बाजूने. कन्सोल घेणारा आणि खेळणारा एकच असतो हे जोशींनी गृहीत धरलंय. इकडे ख्रिसमसला आजी-आजोबा, काका-मामा घेतात हो, ते कुठे व्हिडिओ बघायला जातात. २०१२ मध्ये निन्टेन्डोचा विई यू कन्सोल आला तेव्हा कित्येकांना वाटलं की हा जुन्या विईला जोडायचा टॅब्लेट आहे, कारण जाहिरातीत पण तो टॅब्लेटच दिसायचा. विई विकला गेला दहा कोटींवर, विई यू जेमतेम एक कोटी ३५ लाख. नाव हे एकच कारण नव्हतं, गेमही कमी होते, मान्य. पण २०२० मध्ये सिरीज एक्सचं प्रीऑर्डर सुरू झालं त्याच दिवशी अमेझॉनवर जुना वन एक्स विक्रीच्या यादीत धाडकन वर गेला. तो सगळा काय जाणकारांनीच उचलला?

अर्धा_खर्च
अहो, इथे इंडियात काय चालतं तेही बोला की. पाच हजाराच्या आसपासचा डिजिटल गेम, त्याचे टेलिग्रामवर ‘प्रायमरी’ (त्या अकाउंटचा मुख्य कन्सोल) आणि ‘सेकंडरी’ (त्याच अकाउंटने दुसऱ्या कन्सोलवर लॉगिन) असे तुकडे करून चार अनोळखी लोकांना विकतात. मी पण एकदा सेकंडरी घेतला, दोन महिन्यांनी पासवर्ड बदलला आणि विकणारा गायब. हे असले उद्योग चालल्यावर कंपनी नियम आवळणारच ना. शेअरिंग म्हणजे भावाला देणं, गावाला वाटणं नव्हे.

कोथरूडचा_बोका
@अर्धा_खर्च भावाला देणं म्हणताय ना, मग निन्टेन्डोचं व्हर्च्युअल गेम कार्ड, म्हणजे डिजिटल गेम उसना द्यायची सोय, बघा. फॅमिली ग्रुपमधल्याच माणसाला, एका वेळी एकच गेम, दोन आठवडे, आणि देताना दोन्ही कन्सोल जवळ हवेत. भाऊ बंगळूरला आणि मी पुण्यात, मग गेम द्यायला काय उद्यान एक्सप्रेस पकडू? टेलिग्रामवाल्या भामट्याला आवरायला हा नियम नाहीये, भावानेही वेगळा गेम विकत घ्यावा म्हणून आहे. त्यातल्या त्यात पीसी गेमचं ऑनलाइन दुकान स्टीम बरं, सहा जणांची फॅमिली आणि वेगवेगळे गेम एकाच वेळी खेळता येतात. तिथेही तुमच्या कॉपीवर भाच्याने चीटिंग केलं तर त्या गेममधून बॅन तुम्हीसुद्धा.

जॉयस्टिक_जोशी
डिस्कवाली ताई, तुमची डिस्क घट्ट धरून ठेवा, पण युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू आठवतो का? २०१४ चा गेम, डिस्कवर विकलेला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि एकट्याने गाडी चालवायची म्हटली तरी चालेना. डिस्क कपाटात, गेम मसणात. प्लास्टिकवर माया करून उपयोग नाही, लायसन्समध्ये काय लिहिलंय त्याच्यावर भांडा. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा आहे, डिजिटल माल विकताना हे फक्त लायसन्स आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. स्टीमने तर त्याआधीच पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली.

डिस्कवाली
सांगितलं म्हणजे झालं का? ‘तुमचं काहीही नाही’ हे प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून किंमत कमी झाली का एक रुपयाने? द क्रूवरूनच युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ सुरू झालं, दहा लाखांवर सह्या झाल्या, त्यांची मागणी साधी आहे की सर्व्हर बंद करताना गेम चालता राहील अशी सोय करून जा. याला म्हणतात लायसन्सवर भांडणं. आणि जोशी, द क्रूला नेट लागायचं म्हणून तो मेला. माझे पीएस२ चे गेम आजही चालतात, यायचं तर या खेळायला.

जॉयस्टिक_जोशी
पीएस२ ला यायला एका पायावर तयार. पण तुमचा पीएस५ स्लिम आहे ना, त्याला सुटा डिस्क ड्राइव्ह जोडताना पण एकदा नेट लागतं, हे ठाऊक आहे का?

डिस्कवाली
ठाऊक आहे. म्हणूनच स्लिम घेतला नाही, जुना ड्राइव्हवालाच शोधून सेकंडहँड घेतला. रविवारी चारनंतर या, मेमरी कार्ड तुमचं आणा, माझं भरलंय.