रायझन 7 5800एक्स प्रोसेसर घेतलाय, पीएसयू (पीसीला वीज पुरवणारा डबा) कोणता घ्यावा?

खटपट्या (धागाकर्ता): रायझन 5 2600 काढून 5800एक्स बसवतोय. मदरबोर्ड बी450, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स 1660 सुपर, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क. पीएसयू 450 वॅटचा, सात वर्षं जुना. सीपीयूसाठी त्याला 4 पिनचीच वायर आहे, बोर्डावर सॉकेट 8 पिनचं. प्रोसेसरला जेवढे गेले त्याच्या एक-चतुर्थांशाच्या वर जायचं नाही. कार्ड दोन-तीन वर्षं हेच राहील. सुचवा.

विजेचा_खांब: डोळे झाकून 850 वॅट गोल्ड (कार्यक्षमतेचा बिल्ला), फुल मॉड्युलर (सगळ्या केबल सुट्या). माझ्याकडे तोच आहे, पंखा फिरताना कधी दिसत नाही. एकदाच काय तो खर्च.

अर्धवट_अभियंता: 850 कशाला? बजेट वाचलंत का? हिशोब मांडू. 5800एक्सवर टीडीपी (उष्णतेचा छापील आकडा) 105 लिहिलाय, पण त्याची पीपीटी (प्रत्यक्ष वीज ओढण्याची मर्यादा) 142 वॅट आहे. बोर्डाच्या व्हीआरएममधली (प्रोसेसरसाठी व्होल्टेज उतरवणारं सर्किट) गळती धरून 160. कार्ड 125. पंखे, डिस्क आणि बाकीचं 40. झाले 325. चांगला 550 भरपूर झाला. आणि खोक्यावरचे 450 सोडा, पीएसयूच्या लेबलवर 12 व्होल्टखाली काय लिहिलंय ते सांगा.

खटपट्या: दोन रेल (12 व्होल्टच्या वेगवेगळ्या लाइनी), 16 + 16 अँपिअर. खाली एकत्रित 336 वॅट.

नटबोल्ट: 32 गुणिले 12 म्हणजे 384. पुरतंय की! 4 पिनचं म्हणाल तर दोन मोलेक्सवरून (जुन्या डिस्कना लागायचे ते 4 पिनचे प्लग) 8 पिन करणारा अडॅप्टर मिळतो.

अर्धवट_अभियंता: रेलची बेरीज करायची नसते, एकत्रित आकडाच खरा. म्हणजे 336, आणि त्यातले 325 तुम्ही ओढणार. सात वर्षांत कपॅसिटर सुकलेले, तिथे ही चैन नको. अडॅप्टर तर मुळीच नको. 160 वॅट म्हणजे 13 अँपिअर. 4 पिनमध्ये 12 व्होल्टच्या दोनच तारा, म्हणजे तारेला साडेसहाच्या वर. 8 पिनमध्ये चार असतात, तिथे सव्वातीन. मोलेक्सची पिन सैल असली की आधी तिथेच प्लॅस्टिक पिवळं पडतं.

तिसरी_घंटा: खोक्यावरचे वॅट बघू नका, 12 व्होल्टचे अँपिअर बघा. ब्रॉन्झ मात्र घेऊ नका, व्होल्टेज हलतं.

पिवळी_तार: वर तेच लिहिलंय. आणि ब्रॉन्झ-गोल्डचा व्होल्टेजशी काय संबंध? तो बिल्ला फक्त कार्यक्षमतेचा. 115 व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्रॉन्झला 85 टक्के लागतात, गोल्डला 90. 250 वॅटच्या लोडला फरक 16 वॅटचा. रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) किती, हे त्यावरून कळत नाही. परीक्षणातला आलेख बघावा लागतो. 12 व्होल्टवर 120 मिलिव्होल्टची मर्यादा आहे, चांगले पीएसयू तिच्या बरेच खाली राहतात.

विजेचा_खांब: म्हणून तर म्हणतो, 850 गोल्ड.

पिवळी_तार: आणि मॉड्युलर घेतलात तर जुन्या केबल नव्याला लावू नका. बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं, पीएसयूकडचं ज्याचं त्याचं. 5 व्होल्टच्या जागी 12 आले की दोन्ही डिस्क गेल्या.

नटबोल्ट: अवांतर: 2600 काढण्याआधी बायोस (बोर्डावरचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, नाहीतर बोर्ड नवा प्रोसेसर ओळखणार नाही आणि काळी स्क्रीन बघत बसाल. आणि कूलर? 5800एक्ससोबत येत नाही. 2600 चा छोटा कूलर लावलात तर 90 अंशांना टेकून प्रोसेसरचा वेग खाली येणार, 142 वॅटचा प्रश्नच मिटला!

खटपट्या: हे बरं झालं सांगितलंत. ठरलं तर. पीएसयू घेत नाही, त्या पैशांत टॉवर कूलर घेतो. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह (विजेच्या मर्यादा बदलायची सेटिंग) मॅन्युअल करून पीपीटी 88 वॅट, टीडीसी (सततच्या करंटची मर्यादा) 60 अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंटची) 90. गळती धरून 100 वॅट, म्हणजे 4 पिनच्या तारेला सव्वाचार अँपिअर. एकूण 265, 336 च्या आत.

तिसरी_घंटा: 5800एक्स घेऊन 88 वर बांधून ठेवायचा? मग 5700एक्सच (त्याचा कमी वॅटचा भाऊ) घ्यायचा होता.

खटपट्या: तो मिळाला असता तर घेतला असता.

अर्धवट_अभियंता: मला पटलेलं नाही, पण करणारच असाल तर नीट करा. मल्टीमीटर मोकळ्या मोलेक्सच्या पिवळ्या-काळ्या तारेत लावा, सीपीयू आणि कार्ड दोन्हींवर अर्धा तास पूर्ण लोड द्या. एटीएक्सची (पीएसयूचं मानक) हद्द 11.40 ते 12.60 व्होल्ट. लोड चढताच 11.6 च्या खाली घसरलं तर तो पीएसयू काढा. 4 पिनचा प्लगही हाताला गरम लागता कामा नये. रिपल मात्र मल्टीमीटरला दिसत नाही, हे धरून चाला.

पिवळी_तार: आणि बायोस अपडेट आधी, 88 नंतर. पुढे कधी अपडेट केलंत किंवा सीमॉसची (बोर्डावर सेटिंग जपणारी) बॅटरी उतरली, की सेटिंग पुसून पुन्हा 142. त्या दिवशी प्रोसेसर कुणाला विचारणार नाही.

विजेचा_खांब: 850 असता तर हे काहीच लागलं नसतं.