ऱ्योकान आणि ओन्सेन : अनुभव, खाचाखोचा, इशारे

गवती चहा
परवा पालीजवळ उन्हेऱ्याच्या कुंडांवर जाणं झालं. गंधकाचा तो वास नाकात शिरला आणि जपानातली ओन्सेन (गरम झऱ्यांची स्नानं), कुसात्सू, हाकोने, सगळं एकदम वर आलं. त्यात येन स्वस्त झाल्यापासून ओळखीतलं निम्मं गाव जपानला निघालंय, आणि प्रत्येकाचं एकच: "ऱ्योकानमध्ये (जुन्या जपानी धाटणीच्या मुक्कामघरात) एक रात्र राहायचंय, काय बघू?" म्हणून धागा. प्रवासवर्णन नको, फोटो नकोत. काय करायचं, काय बिघडतं आणि का, तेवढंच लिहा.

मी सुरुवात करते. दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात बहुतेकदा रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. मध्यम ठिकाणी १५ ते ३० हजार येन माणशी. शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री चढा. एप्रिलअखेर ते ५ मे, ऑगस्टचा मध्य आणि नववर्ष हे दिवस टाळाच.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा. खोली दुपारी ३ ला मिळते, जेवण ६ किंवा साडेसहाला, सकाळी १० ला बाहेर. जेवण पानागणिक, वेळ धरून रांधलेलं असतं. दिवसभर भटकून ८ ला उगवलात तर पैसे भरलेलं जेवण गेलं, आणि डोंगरातली शेवटची बसही बऱ्याचदा ५ च्या आसपास सुटलेली असते. स्टेशनवर घ्यायला गाडी येते, पण ती आधी सांगावी लागते. ४ च्या आत पोचा. पैसे त्या संध्याकाळचेच आहेत.

नाखवा
अंघोळीचं मी घेतो, भात शिजतोय तोवर.

कपडे काढायच्या खोलीत टोपल्या किंवा लॉकर. सगळं तिथेच उतरवायचं. पोहण्याचा पोशाख चालत नाही. टॉवेल खोलीतून न्यायचे, लहान ठिकाणी तिथे ठेवलेले नसतात. मोठा टोपलीत, छोटा हातात.

आत शिरल्यावर आधी बादलीने अंगावर पाणी: पाय, मांड्या, पोट, शेवटी खांदे. पाणी ४०-४२ अंश असतं, एकदम उतरलात तर रक्तदाबाला हिसका बसतो. मग बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून अंघोळ. उभ्याने शॉवर घेतला की शेजाऱ्यावर शिंतोडे, आणि तो काही बोलणार नाही, नुसता सरकून बसेल. फेस पूर्ण जायला हवा. स्टूल-बादली खंगाळून जागेवर. मग सावकाश पाण्यात. केस वर बांधलेले. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर. बाहेर पडताना त्याच टॉवेलने अंग टिपून मगच कपड्यांच्या खोलीत, नाहीतर तिथली जमीन ओली होते आणि लोक घसरतात.

पहिल्यांदा ५ ते १० मिनिटं पुरे.

मेथीची जुडी
बाकी सगळं ठीक हो नाखवा, पण "सगळं तिथेच उतरवायचं" इथेच आमची गाडी अडते 😄

ओसाकाकर
@मेथीची जुडी, तुमच्यासारख्यांसाठीच काशिकिरी-बुरो असतं. म्हणजे आतून कडी लावायची खाजगी टाकी, ४५-५० मिनिटांच्या पाळीने. काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी २ ते ४ हजार येन. पोचल्या पोचल्या पाळी लावा, जेवणाआधीच्या वेळा सगळ्यात आधी जातात. खोलीलाच उघड्यावरची टाकी असलेल्या खोल्याही मिळतात, त्या महाग. आणि सार्वजनिक टाकीत खरंच कुणी कुणाकडे बघत नाही. पहाटे साडेपाचला गेलात तर बघायला कुणी नसतंच.

टाकीच्या दारावरच्या पडद्याचं लक्षात ठेवा. निळा पुरुषांचा, लाल बायकांचा, एवढ्यावर विसंबू नका. बऱ्याच ठिकाणी रात्रीतून बाजू अदलाबदल करतात, दोन्ही टाक्या सगळ्यांना मिळाव्यात म्हणून. काल गेलात त्याच दारात सकाळी झोपेत शिरू नका. अक्षर बघा: पुरुषाच्या अक्षरात वर चार घरांचा चौकोन असतो. बाईच्या अक्षरात चौकोन नाही, एकमेकांना छेदणारे तीन फराटे.

शेवग्याची शेंग
लग्नाळू मंडळींसाठी: मेंदीचे हात घेऊन जाल तर टॅटू समजून अडवू शकतात. आधी काउंटरवर सांगा की धुऊन जाणारी आहे. आजीचं गोंदण मात्र त्यांच्या लेखी टॅटूच. लहान असेल तर कातडीच्या रंगाची चिकटपट्टी मिळते, ती चालते का तेवढं विचारून घ्या. किनोसाकी या ओन्सेनच्या गावातल्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो, तिथे हा प्रश्नच नाही. शिवाय गावात मुक्काम असला की तिथल्या स्नानगृहांचा पास ऱ्योकानच देतं. युकाता (सुती झगा) घालून, लाकडी खडावा टॉक टॉक वाजवत एकातून दुसऱ्यात. प्रत्येकाचा बंदचा वार वेगळा असतो, तेवढा बघून ठेवा.

गवती चहा
छान लिहिताय सगळे. जेवणाबद्दल कुणीतरी लिहा ना, शाकाहारींचे सगळ्यात जास्त प्रश्न तेच आहेत.

पाटावरची
मी लिहिते, तासभर वेळ आहे.

नुसतं "व्हेजिटेरियन" लिहून भागत नाही. मांस-मासे ताटात दिसणार नाहीत, पण दाशी असणारच. दाशी म्हणजे स्वयंपाकाचं मूळ पाणी, आणि ते बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या कातरणाचं असतं. मिसो सूप, चावानमुशी (अंड्याचं वाफवलेलं), उकडलेल्या भाज्या, सोबाबरोबरचं बुडवायचं पाणी, टेंपुराचं सॉस, सगळ्यात तेच. म्हणून बुकिंग करतानाच जपानीतून यादी पाठवा: मांस नको, मासे नकोत, कोळंबी-शिंपले नकोत, माशाचं दाशी नको, कोम्बूचं (समुद्री शेवाळाचं) किंवा शिताके मशरूमचं चालेल. अंडं-दूध चालतं की नाही तेही. आठवडाभर आधी पुन्हा एक मेल. आयत्या वेळी सांगितलं तर ते माफी मागतील आणि भात-लोणचं देतील, कारण बाजार आधीच होऊन गेलेला असतो.

काही ठिकाणं सरळ "जमणार नाही" म्हणतात. राग मानू नका. तिथे बिनजेवणाचा किंवा फक्त न्याहारीचा दर घ्या. मात्र गावात ८ नंतर काही उघडं नसतं हे धरून चाला. न्याहारीतही भाजलेला मासा असतोच, तेव्हा मेलमध्ये दोन्ही जेवणांचा उल्लेख करा.

भात सगळ्यात शेवटी येतो, मिसो आणि लोणच्याबरोबर. पहिल्या पदार्थापासून हवा असेल तर आधी सांगा, देतात. समोर छोट्या चुलीवर हंडी असते, खाली निळी घन इंधनाची वडी. ती पेटवली की आपोआप विझेपर्यंत झाकण उचलायचं नाही. मध्येच डोकावलं की आतलं कच्चं राहतं आणि वडी संपलेली असते.

पूर्ण निर्धास्त शाकाहार हवा असेल तर कोयासानला (बौद्ध मठांच्या डोंगरावर) जा. तिथल्या मठांत राहता येतं (शुकुबो), आणि जेवण शोजिन-र्योरी: मांस, मासे, अंडं नाही, कांदा-लसूणही नाही. तिळाचं गोमादोफू आणि वाळवलेलं कोयादोफू नक्की खा. फक्त तिथे बहुतेक ठिकाणी साधं तापवलेलं पाणी असतं, ओन्सेन नव्हे. आणि सकाळची प्रार्थना ६ च्या सुमारास.

मेथीची जुडी
+१ पाटावरची ताई. थेपले-भडंग नेलेलं चालतं ना?

पाटावरची
@मेथीची जुडी कोरडं चालतं. जेवणघरात बाहेरचं काढू नका. खोलीत लोणच्याची बाटली उघडू नका, ताटामीत (जमिनीवरच्या गवती चटयांत) वास बसतो. आणि इंडक्शन बिलकुल लावायचं नाही. गरम पाण्याची किटली खोलीत असते, त्यात होणारे पोहे-उपमा न्या. ताजा कढीपत्ता, फळं बॅगेत नकोत, विमानतळावर काढून घेतील.

घाटमाथा
जोडवी, पैंजण, चांदीची साखळी: गंधकाच्या पाण्यात जायच्या आधी काढा. काळी ठिक्कर पडतात. सोन्याला तसं काही होत नाही, पण मिश्र धातूचा आणि मुलाम्याचा भरवसा नाही. चष्माही नको, गरम पाण्याने काचेवरचा थर सुटतो.

काळं पडलंच तर घरी आल्यावर: पातेल्याच्या तळाशी ॲल्युमिनियमची फॉइल, त्यावर दागिना टेकलेला, एक लिटर उकळतं पाणी, दोन चमचे खायचा सोडा, एक चमचा मीठ. पाच मिनिटांत उजळतं. गंधक चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातं. घासून चांदी झिजते, यात झिजत नाही.

शेवग्याची शेंग
अवांतर: हे निरांजनाला चालेल का??

घाटमाथा
चांदीचं असेल तर हो. पितळेला नाही, तिथे आपली चिंच. मोती आणि खडे असलेल्या दागिन्यांना नको. मुद्दाम काळी केलेली ऑक्सिडाइज्ड नक्षी असेल तर तिचा काळेपणाही जाईल, मग माझ्या नावाने बोंब नको.

शेवग्याची शेंग
🙏 दिवाळीआधी करते. धागा कुठे चाललाय बघा.

डॉ. आळूचं फतफतं
ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी घाईत. जेवणानंतर लगेच नाही, दारू पिऊन अजिबात नाही. आधी एक पेला पाणी, नंतर एक. पाण्यातून उठताना काठाला धरून हळू, चक्कर तेव्हाच येते. पाणी छातीपर्यंतच ठेवून बसलं तर हृदयावर दाब कमी. बीपी, हृदयविकार, साखरेची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारून. गरोदरपण जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१४ मध्ये निषिद्ध यादीतून काढलं, तरी घसरण्याची भीती आहेच. पाळीच्या दिवसांत आणि डायपरच्या बाळांनी सार्वजनिक टाकीत जायचं नसतं.

गुडघे धरलेले असतील तर ताटामी + पलंग अशी मिश्र खोली मागा. जमिनीवरच्या फुतोनवरून (गादीवरून) रात्री तीनदा उठणं कठीण जातं. जुन्या ऱ्योकानांत संडास खोलीबाहेर असतो, तेही बुकिंगआधीच बघा.

नाखवा
मुलांचं राहिलं. आईबरोबर मुलगा, बाबांबरोबर मुलगी कितव्या वर्षापर्यंत? पूर्वी मार्गदर्शक वय १० होतं, २०२० मध्ये ७ केलं. नियम प्रांतागणिक बदलतो, पण ७ पूर्ण झालं की वेगळं, असं धरून चाला.

कातळशिल्प
पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही! सगळे जेवण आणि जोडवी.

कपड्यांच्या खोलीत भिंतीवर पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता असतो. त्यात झऱ्यापाशी तापमान, पीएच, कुठले क्षार, आणि पाणी तापवलंय, थंड पाणी मिसळलंय, फिरवून वापरलंय की क्लोरीन टाकलंय, सगळं लिहिलेलं असतं. "गेन्सेन काकेनागाशी" म्हणजे झऱ्याचं पाणी सतत येतं आणि सांडून जातं, परत फिरवत नाहीत. मोठ्या हॉटेलांत पाणी पुरत नाही म्हणून फिरवतात, मग लेजिओनेला जंतू होऊ नये म्हणून क्लोरीन लागतं. बेकायदा काही नाही, पण त्या पैशात मी दरीचा देखावा सोडीन आणि वाहतं पाणी घेईन.

कुसात्सूचं पाणी पीएच २ च्या आसपास, लिंबाच्या रसाइतकं आंबट. तिथे जायचं तर दाढी, वॅक्सिंग आदल्या दिवशी उरका, चरचरतं. डोळ्यांत जाऊ देऊ नका. नाजूक कातडी असेल तर शेवटी साध्या पाण्याने धुवा. सौम्य पाणी असेल तर न धुता नुसतं टिपा. तिथलं पाणी इतकं कढत की थंड पाणी घालून पातळ करण्याऐवजी सहा फुटी फळ्यांनी ढवळून निववतात. युमोमी म्हणतात, आता खेळ म्हणून दाखवतात. आरिमाला लोहामुळे तांबूस पाणी, छोटा टॉवेल कायमचा रंगतो.

गंमत म्हणजे १९४८ च्या जपानी कायद्याने जमिनीतून येणारं पाणी २५ अंश किंवा वर असलं, नाहीतर यादीतल्या १९ घटकांपैकी एक पुरेसा असला, की ते ओन्सेन. त्या हिशोबाने कोकणातल्या निम्म्या विहिरी ओन्सेन ठरतील.

कोकणकडा
म्हणजे आमच्या परसातली विहीर आजपासून माणशी २० हजार 😂 न्याहारीला घावणे.

अवांतर: राजापूरचं उन्हाळे, संगमेश्वराकडचं तुरळ... पाणी आपल्याकडेही आहे. कपडे बदलायला धड आडोसा नाही आणि लोक साबण कुंडातच लावतात. नाखवांची पोस्ट छापून तिथे डकवा.

ओसाकाकर
@कोकणकडा 😂 पण साबणाचं अगदी खरं.

युकाता राहिला. उजवा पदर आधी अंगालगत, डावा त्याच्यावर. उलटा फक्त मृताला नेसवतात, म्हणून तिथली बाई धावत येऊन दुरुस्त करते. खूण: उजवा हात छातीपाशी सहज आत सरकला की बरोबर. पट्टा बायकांनी कमरेवर, पुरुषांनी पोटाखाली. उंच माणसांनी मोठा माप मागा, नाहीतर पोटऱ्या उघड्या. जेवायला, गावात फिरायला तोच चालतो. थंडीत वरून जाड अंगरखा देतात.

ताटामीवर चपला नाहीत, बॅगेची चाकंही नाहीत. चित्र टांगलेल्या कोनाड्यात सामान ठेवायचं नाही. संडासाच्या चपला संडासातच. टिप नको.

मेथीची जुडी
मोठ्या बॅगा घेऊन हाकोनेला जाता येतं का? आमच्या चार आहेत.

ओसाकाकर
@मेथीची जुडी येतं, पण डोंगरातल्या छोट्या गाडीत आणि बसमध्ये हाल. ताक्युबिन करा: टोकियोच्या हॉटेलात काउंटरवर सकाळीच बॅगा द्यायच्या, पुढच्या मुक्कामाचा पत्ता आणि तारीख लिहायची. साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात. एका रात्रीचे कपडे पाठीवरच्या पिशवीत. पासपोर्ट, औषधं त्या बॅगेत टाकू नका. ऱ्योकानमध्ये रोख थोडी ठेवा, स्नानकर वेगळा घेतात, बहुतेक ठिकाणी माणशी १५० येन.

शेवग्याची शेंग
ते ओन्सेनचं अंडं (झऱ्याच्या गरम पाण्यात शिजवतात ते) घरी होतं का? मुलं मागे लागलीत.

पाटावरची
@शेवग्याची शेंग होतं. पिवळं ६५ ते ७० अंशांना घट्ट होतं, पांढरं पूर्ण व्हायला ८० लागतात. म्हणून मधल्या तापमानात ठेवलं की आत मऊ पिवळं आणि बाहेर थरथरतं पांढरं. जाड बुडाच्या पातेल्यात लिटरभर पाणी उकळून गॅस बंद, पाव लिटर गार पाणी, फ्रिजमधून अर्धा तास आधी काढलेली ४ अंडी, झाकण, १५ ते १७ मिनिटं. पांढरं फारच पाणचट राहिलं तर पुढच्या वेळी गार पाणी थोडं कमी घाला. आणि अंडी ताजीच घ्या.