मायक्रोटिकचा राउटर घुसखोरांच्या हाती लागला असेल तर: नुसतं अपग्रेड पुरे की नेटइन्स्टॉलच (सगळं पुसून राउटरओएस ही त्याची प्रणाली नव्याने चढवणं) हवं?

पॅचकर: विनबॉक्समधलं (राउटर सांभाळायच्या प्रोग्राममधलं) भोक (नोंद क्रमांक सीव्हीई-२०१८-१४८४७) एप्रिल २०१८ मध्ये बुजवलं गेलं. त्यातून लॉगिन न करता युजरची फाइल पासवर्डसकट वाचता यायची. २०२१ मध्ये मेरिस बॉटनेट (घुसखोरांच्या ताब्यातल्या यंत्रांची फौज) उघडकीस आलं, तेव्हा त्यातले पुष्कळ राउटर २०१८ च्याच लुटीतले निघाले: राउटरओएस नवं, पासवर्ड तोच. त्या काळात ज्याचा विनबॉक्सचा ८२९१ पोर्ट इंटरनेटला उघडा होता, तो राउटर सरळ नेटइन्स्टॉलने पुसावा.

टॉवरवाला: अहो, पहिल्या पोर्टात केबल लावायची, रिसेट दाबून धरून पॉवर द्यायची, हे गच्चीगच्चीवर जाऊन कोण करणार? अपग्रेड करा, पासवर्ड बदला. शेड्युलर आणि स्क्रिप्ट्समध्ये ‘फेच’ची (नेटवरून फाइल उतरवायच्या आज्ञेची) ओळ शोधा, अनोळखी एलटूटीपी क्लायंट (दुसरीकडे जोडणारा बोगदा) उडवा, आयपी-सॉक्स (दुसऱ्यांचा ट्रॅफिक पुढे ढकलणारी प्रॉक्सी) बंद करा. भागतं.

पॅचकर: मेनूत दिसतं तेवढ्यापुरतं भागतं. त्या जुन्या आवृत्त्यांत थेट रूट शेल (मेनूच्या खालच्या प्रणालीवर पूर्ण ताबा) मिळवता येत होता. तिथे ठेवलेलं विनबॉक्स दाखवणार नाही. आणि पुसल्यावर ‘.बॅकअप’ फाइल परत चढवू नका, घाणही परत येते. एक्स्पोर्टची मजकूर फाइल ओळ न् ओळ वाचून भरा. तिच्यात युजर-पासवर्ड येत नाहीत, ते बरंच आहे.

पीपीपीओईग्रस्त: मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. पुसून पुन्हा चुकीचं कॉन्फिग घातलं तर? नेहमीचा घोळ: फायरवॉलच्या इनपुट चेनमध्ये (राउटरकडेच येणाऱ्या पॅकेटांच्या नियमांत) ‘ईथर१ (पहिला पोर्ट) वरून आलेलं ड्रॉप’ असा नियम. कनेक्शन पीपीपीओई (युजर-पासवर्डने जोडलं जाणारं) असेल तर पॅकेट ‘पीपीपीओई-आउट१’वरून आत येतं, नियमाचा काउंटर (किती पॅकेटं अडवली तो आकडा) शून्यावरच बसतो. ‘लॅन लिस्टमधून (आतल्या इंटरफेसच्या यादीतून) न आलेलं सगळं ड्रॉप’ असं लिहा, ‘एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड’ला (आधीच जुळलेल्या जोडण्यांना) परवानगी त्याच्या वर. आधी सेफ मोड दाबा. स्वतःलाच बाहेर कोंडलंत तर सेशन तुटल्यावर बदल आपोआप मागे जातात. आयपीव्ही६ चं फायरवॉल वेगळं असतं, तिथे बहुतेकांची पाटी कोरी. मायक्रोटिकच्या मोठ्या राउटरांच्या सीसीआर मालिकेत तर फायरवॉलचे नियम आधीपासून नसतातच.

टॉवरवाला: काउंटरचं पटलं. पण रात्री लाइन पडली की बाहेरून विनबॉक्स लागतंच.

पीपीपीओईग्रस्त: मग वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे आत यायचा कूटबद्ध बोगदा) लावा, राउटरओएस ७ मध्ये आहे. बाहेर फक्त त्याचा यूडीपी पोर्ट उघडा, वायरगार्डचा इंटरफेस लॅन लिस्टमध्ये घाला. टेलनेट, एफटीपी, एपीआय या राउटरमध्ये शिरायच्या इतर वाटा बंद. विनबॉक्सच्या ‘अव्हेलेबल फ्रॉम’मध्ये फक्त लॅन आणि वायरगार्डचे पत्ते.

पॅचकर: आणि पुसायचं राहिलंच.

टॉवरवाला: या तुम्ही, शिडी मी धरतो.