तुर्कस्तानला पाठवलेल्या लष्करी मदतीची परतफेड मागावी का?

करवीरकर (चर्चाप्रस्ताव)
६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा भारताने ‘ऑपरेशन दोस्त’ या नावाने एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) पथके आणि भूदलाचे ३० खाटांचे फील्ड हॉस्पिटल तिकडे धाडले. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात त्याच तुर्कस्तानने उघडपणे पाकिस्तानची बाजू घेतली आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली. माझे मत असे की, औषधे आणि तंबू कोणालाही द्यावेत, परंतु गणवेशातील माणसे परक्या भूमीवर उतरवणे हे परराष्ट्र धोरणच असते. म्हणून ती कोठे उतरवायची, हे मैत्री पारखूनच ठरवावे. इतर देशही तसेच वागतात. २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर पाकिस्तानला भारताची हेलिकॉप्टरे हवी होती, पण वैमानिक नको होते, आणि भारताने वैमानिकांविना हेलिकॉप्टरे देण्यास नकार दिला. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळला निघालेली ब्रिटनची चिनूक ही अवजड मालवाहू हेलिकॉप्टरे तर नेपाळने परवानगी न दिल्याने दिल्लीपर्यंत येऊन माघारी गेली.

चिखलीकर
मी आपल्याशी पूर्णपणे असहमत आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ५५ फुटांची पातळी ओलांडली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे, हे आपण कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. आमच्या प्रयाग चिखलीत माळवदावर बसून दोन रात्री काढल्यावर बोट आली, तेव्हा मराठीचा एक शब्दही न समजणाऱ्या जवानाने माझ्या आजीला पाठीवर घेऊन बोटीत उतरवले. तिने मत कोणाला दिले होते, हे त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी त्याने तिला तसेच उचलले असते. तुर्कस्तानातल्या इस्केंदेरून येथील आपल्या त्या फील्ड हॉस्पिटलात ज्यांची हाडे बसवली गेली, त्यांनी अंकाराचे धोरण ठरवलेले नाही. त्यांच्याकडून दोन वर्षांनी परतफेड मागणे मला लाजिरवाणे वाटते.

निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी
आपण दोघेही एक गोष्ट सोडून बोलत आहात, ती म्हणजे हुकूम कोणाचा. पुरात आम्ही बोटी घेऊन गेलो, तरी कोणत्या गावाला आधी जायचे, हे जिल्हाधिकारी सांगत. फौज मुलकी प्रशासनाच्या मदतीला असते, त्याच्या जागी नसते. परदेशी आपत्तीसाठी १९९४ मध्ये ठरलेल्या ओस्लो मार्गदर्शक तत्त्वांचाही गाभा हाच आहे: नागरी यंत्रणेकडून काम होण्यासारखे नसेल तेव्हाच, अखेरचा उपाय म्हणून, आणि आपद्ग्रस्त देशाच्या संमतीने लष्करी साधने वापरावीत. ती संमती आपत्तीच्या दिवशी तयार होत नाही. मे २००८ मध्ये म्यानमारला नर्गिस चक्रीवादळाने झोडपले आणि लाखाहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. अमेरिका आणि फ्रान्सची मदतीने भरलेली जहाजे किनाऱ्याबाहेर ताटकळत राहिली, कारण ती आत घेतली तर सत्ता हातची जाईल, अशी तिथल्या लष्करी राजवटीला धास्ती होती. आपल्या नौदलाची ‘राणा’ आणि ‘किरपाण’ ही जहाजे मात्र यांगूनला पोचली. तेथे आधीचा विश्वास कामी आला.

करवीरकर
सुभेदार साहेब, आपल्या उदाहरणाने माझाच मुद्दा बळकट होतो. नाते होते म्हणून दार उघडले.

चिखलीकर
करवीरकर, दार त्यांनी उघडायचे असते, हे मला मान्य आहे. आपण मात्र आपल्या बाजूचे दार बंद करायला सांगत आहात, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

शिवाजी विद्यापीठातील विद्यार्थिनी
मला एक अडचण दिसते. २००४ च्या त्सुनामीत भारताने आपल्यासाठी परकीय सरकारांची मदत घेतली नाही आणि त्याच वेळी श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशियाला नौदलाची जहाजे पाठवली. २०१८ च्या केरळ पुरातही आपण परकीय सरकारांची मदत नाकारली. स्वतःची अब्रू जपण्यासाठी आपण नकार देतो, मग नेपाळने २०१५ मध्ये परदेशी बचावपथकांना परत जायला सांगितले, तेव्हा आपल्याला राग का यावा? मला वाटते, तिथे सैनिकांवर रोष नव्हता; ‘ऑपरेशन मैत्री’ या भारताच्या नेपाळमधील मदतमोहिमेतील जवान ढिगारे उपसत होते आणि आपल्या वृत्तवाहिन्या त्याचा डांगोरा पिटत होत्या, तो डांगोरा लोकांना सहन झाला नाही.

निवृत्त सुभेदार, सैनिक टाकळी
बाई, आपण नेमके बोललात. पुरात आमच्या बोटींपाशीही कॅमेरे येत, तेव्हा मी पोरांना म्हणत असे की पाठ फिरवा आणि वल्ही मारा. करवीरकर साहेबांना माझे इतकेच विचारणे आहे: मार्च २०२५ मध्ये म्यानमारला भूकंप झाला आणि आपले ११८ जणांचे वैद्यकीय पथक मंडालेला गेले, तिथली राजवट त्याच दिवसांत स्वतःच्याच लोकांवर हवाई हल्ले करत होती. आपल्या कसोटीला ते पथक उतरले असते का?

करवीरकर
राजवटीकडे पाहिले तर उतरले नसते. पण तो देश आपल्या सीमेला लागून आहे, म्हणून मी पथक पाठवलेच असते. माझ्या कसोटीत ही फट आहे, हे मी मान्य करतो. तुर्कस्तानविषयीचे माझे मत मात्र त्यामुळे बदललेले नाही.