ब्रेक पॅड संपले तरी वॉर्निंग लाइट लागलीच नाही, रिकॉलसाठी तक्रार कशी करायची?

नमस्कार मंडळी, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

गेल्या रविवारी नाशिकहून कल्याणला निघालो होतो, गाडीत सासूबाई आणि लेक. कसारा घाट उतरताना पुढून कर्रकर्र आवाज यायला लागला, आधी वाटलं खडा अडकला असेल पण ब्रेक दाबला की आवाज वाढायचा आणि पेडल थरथरायचं, मग सेकंड गिअरवरच हळूहळू खाली आणली. घाट संपल्यावर एका मेकॅनिकने चाक काढलं तर उजवीकडचा आतला पॅड पार संपलेला, मागची लोखंडी पट्टीच चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासत होती, डिस्कला नख अडकेल अशा रेघा. आणि डॅशबोर्डवर काहीच नाही, ना लाइट ना मेसेज! लेक मागे झोपली होती, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

गाडी २०२० ची, सेकंड हँड घेतलेली, ६१ हजार किमी झालेत. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन महिन्यांपूर्वीच सर्व्हिसिंग केलं तेव्हा सांगितलं होतं की मॅडम लाइट आली की पॅड बदलू. आता म्हणतात पॅड झिजणारच, वॉरंटीत बसत नाही. अहो पॅड झिजले ही माझी तक्रारच नाही, पैसे मी भरलेत, झिजले हे सांगणारी यंत्रणा गप्प बसली ही तक्रार आहे.

थोडं वाचलं त्यावरून एवढं कळलं की २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून रिकॉलचे, म्हणजे दोष असलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावून दुरुस्त करण्याचे, नियम लागू झाले. गाडी ७ वर्षांच्या आतली हवी आणि एकाच दोषाच्या तक्रारी ठरावीक आकड्यापर्यंत गेल्या तर सरकार कंपनीला रिकॉल करायला लावू शकतं. म्हणजे माझ्या एकटीच्या तक्रारीने काही होणार नाही आणि गाडीची ७ वर्षंही भरत आलीत. अमेरिकेत तर ही वॉर्निंग वेळेवर येत नाही एवढ्यावरून गाड्या परत बोलावल्यात. आपल्याकडे कोणी अशी तक्रार केलीय का? काय काय जोडावं लागतं?

प्रतिसाद १
ताई, सुखरूप उतरलात हे महत्त्वाचं. तक्रारीआधी एक बघा. ही वॉर्निंग लाइट ज्या सेन्सरवर चालते त्याची बारीक वायर पॅडमध्येच असते, पॅड झिजला की डिस्क ती वायर कापते, सर्किट तुटतं आणि लाइट लागते. बाहेरचे बिनसेन्सरचे पॅड टाकले की काही मेकॅनिक दोन वायरी एकमेकींना जोडून टेप मारतात, मग लाइट जन्मात लागत नाही. सेकंड हँड गाडी आहे म्हणून विचारतोय, आधीच्या मालकाने तसं केलं असेल तर तो कंपनीचा दोष धरणार नाहीत. दुसरं म्हणजे बऱ्याच गाड्यांत सेन्सर पुढच्या एकाच चाकाला असतो.
आरसीवरचा १७ आकडी-अक्षरी चासी नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा, आधीच रिकॉल असेल तर काम फुकट होतं. तुम्ही दुसऱ्या मालक असलात तरी.

धागाकर्ती
खूप आभार दादा, आज गाडी लिफ्टवर घेऊन बघितली. वायर ओरिजिनल आहे, टेप वगैरे नाही. पण सेन्सर फक्त डाव्या चाकाला! डावा पॅड निम्मा शिल्लक आणि उजव्या कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) पिन जॅम, म्हणून उजवा एकटाच झिजला. चासी नंबरवर रिकॉल काही दिसत नाही.

आता मला प्रश्न पडलाय की याला दोष म्हणायचं की डिझाइनच असं आहे? मॅन्युअलमध्ये एकाच चाकाला सेन्सर आहे असं कुठेही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचलं. तरी मी तक्रार टाकतेय, जुने पॅड, डिस्कचे फोटो आणि मेकॅनिकचं बिल जपून ठेवलंय. ज्यांच्या गाडीत असं झालंय त्यांनी मॉडेलचं वर्ष, किमी आणि सेन्सर कुठल्या चाकाला होता एवढं इथे लिहा ना. आणि घाटात जाणार असाल तर लाइटच्या भरवशावर राहू नका, चारही चाकं काढून पॅड बघून घ्या.